मोरीवरची टाच

नागपंचमीसाठी माहेरी आलेली रंगू गाडीतून उतरली ती घरी गेलीच नाही. गाठोडं काखेला मारलं आणि सरळ कृष्णेच्या काठावर जाऊन उभी राहिली. तिला तासगावाकडं दिली होती, चुरमुऱ्याच्या भट्टीवर. तिथं वर्षभर तापलेली वाळू आणि धूर. नदीचा वास नाकात जाऊन तिला दोन वर्षं होऊन गेली होती.

श्रावणातली नदी लाल झाली होती, काठाच्या बाभळी निम्म्या पाण्यात होत्या. भोईवाड्याच्या नावा धार सोडून कडेकडेनं फिरत होत्या. त्यातली एक वळली आणि रंगूनं ती लांबूनच ओळखली. मागं वल्ह्यावर आई, राहीबाई. मधे आबा, तात्याबा, वाकून जाळं ओढणारा. आणि पुढं डाव्या अंगाला, गुडघे छातीशी घेऊन, एक पाय नावेच्या कुशीला दाबून बसलेली एक पोर.

रंगूला क्षणभर वाटलं, आपणच बसलोय.

मग त्या पोरीनं मान वर केली आणि ओरडली, "आक्का आली! आये, आक्का आली गं!"

ती सुली होती. रंगू लग्न होऊन गेली तेव्हा परकराचा बोंगा धरून गाडीमागं पळत आलेली धाकटी बहीण. ती आता मोरीवर बसली होती.

तात्याबाची नाव लहान होती. पुढच्या अंगाला नावेच्या काठापासून हातभर खाली फळ्या ठोकलेल्या होत्या. जाळं ओढलं की त्या फळ्यांवर पडायचं, आणि जाळ्याबरोबर आलेलं पाणीही तिथंच सांडायचं. ते जायला फळ्यांच्या पातळीत नावेच्या कुशीला मुठीएवढं भोक ठेवलेलं होतं. त्याला सगळे मोरी म्हणत. नाव हलकी असली की मोरी पाण्याच्या वर राहायची आणि आपलं काम करायची. पण ओलं जाळं आणि मासे चढले की नाव दबायची, मोरी नदीला टेकायची, आणि आतलं पाणी बाहेर जायचं सोडून नदीच उलटी फळ्यांवर चढायची. बोळा कोंबावा, तर दर ओढीला तो काढायला हात कुणाचा मोकळा असतो? म्हणून मोरीवर टाच. लाट आली की दाबायची, लाट गेली की उचलायची. काम सोपं. पोर बसवली तरी चालतं.

रंगूनं ते काम लहानपणापासून लग्नापर्यंत केलं होतं. पाण्यानं तिची डावी टाच पांढरीफटक पडली होती. कातडी सुटायची, खाली दुसरी यायची, तीही सुटायची. उन्हाळ्यात त्या टाचेला भेगा पडत आणि त्यांतून रक्त येई. घरात त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मग तिला बघायला पाव्हणे यायला लागले. "पोरी, जरा चालून दाखव," असं म्हणायची रीत. ती चालली. पाव्हण्यांतली एक म्हातारी तिच्या टाचेकडं बघत राहिली आणि उठून राहीबाईच्या कानाशी लागली, "बाई, खरं सांगा. कोड तर न्हाई न्हवं?" पोहे तसेच ठेवून पाव्हणे गेले. दुसरे आले, त्यांनी चालायलाही सांगितलं नाही. त्यांना आधीच कुणी सांगितलं होतं. शेवटी नाथाजी भट्टीवाल्यानं तिला केली. त्याची पहिली बायको गेलेली, वय तात्याबाच्या जवळपास. त्यानं टाच बघितली नाही. भट्टीपुढं उभं राहायला दोन पाय असले म्हणजे झालं, एवढाच त्याचा हिशेब.

नाव काठाला लागली. सुली उडी मारून उतरली आणि आक्काच्या कमरेला मिठी घालून उभी राहिली. रंगूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण बघितलं ते खाली, चिखलात उमटलेल्या पावलाकडं.

संध्याकाळी चुलीपुढं बसून रंगू म्हणाली, "आये, सुलीचा पाय बघितलास का?"

"बघतिया की. रोजच बघतिया."

"मग?"

"मग काय? तू न्हाई बसलीस व्हय? मेलीस का त्यानं?" राहीबाईनं चुलीत फुंकर घातली. डोळ्यांत धूर गेला म्हणून पदर लावला, तो बराच वेळ काढला नाही. "तुझं लगीन झाल्यावर सयाजी बसूच देत न्हवता पोरीला. येका पायानं मोरी दाबायचा आन दोनी हातानं जाळं वडायचा. समदी हसायची, बगळा म्हनायची त्येला. आता त्यो तिकडं बरमात बसलाय. मी वल्ह्यावर, तुझा आबा जाळ्यावर. ऱ्हायलं कोण?"

सयाजी, रंगूचा मोठा भाऊ, ब्रह्मदेशात लढाईवर गेला होता. भरतीवाले बाजारात आले, त्याच्या छातीला फीत लावून बघितली आणि तो तसाच त्यांच्याबरोबर गेला. जाताना काठावर उभं राहून आबाला म्हणाला होता, "पुढल्या पावसाच्या आत येतो. तंवर मोरीचं तेवढं बघा." पुढचा पाऊस आला, त्याच्या पुढचाही आला.

मोरीचं बघा म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सयाजी भाऊसो पाटलाच्या विहिरीवर मोटेच्या दिवसांत कामाला जायचा. तिथं तो बघायचा, मोटेची चामड्याची सोंड भरून वर आली की भडाभडा पाणी ओतायची, आणि रिकामी झाली की ओलं चामडं आपोआप मिटून चपटं व्हायचं. "आबा, आपल्या मोरीला भाएरनं असली सोंड लावायची," तो म्हणायचा. "आतलं पाणी जाईल. भाएरचं याया लागलं की सोंड आपसूक मिटंल. टाच नगं, काय नगं."

तात्याबा जाळ्यातून डोळा न काढता म्हणायचा, "बघू."

दुसऱ्या दिवशी भावाचा उपास, पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी धरतात तो. रंगूनं पहाटे डोक्यावरून पाणी घेतलं, सयाजीचं नाव घेतलं आणि तोंडात पाण्याचा थेंब न घालता नावेवर गेली. सुलीला तिनं काठावरच ठेवली.

"ह्या टायमाला तू कशाला?" तात्याबा म्हणाला. "सासरची म्हनतील, माहेरी पोरीला राबवत्यात."

"त्यांस्नी कोण सांगतंय?"

ती आपल्या जुन्या जागेवर बसली, टाच मोरीला लावली. टाचेला सगळं आठवत होतं. भोकाची कड कुठं धारदार आहे, कुठं घासून मऊ झाली आहे, लाट येण्याआधी लाकूड कसं किंचित थरथरतं. आबानं जाळं ओढलं. फळ्यांवर लाल पाणी, शेवाळ, काटक्या, दोन शिंगाळ्या आणि एक वाम आली. तिनं टाच उचलली, पाणी गेलं. लाट आली, दाबली. पाणी बर्फासारखं होतं. दुपारपर्यंत तिची टाच बधिर झाली आणि मग त्या बधिरपणाखालून जुनी कळ वर आली, घोट्यापर्यंत. ही कळ सुली रोज घेऊन झोपते, हे तिच्या मनात आलं आणि मग ते जाईना.

"आबा, दादा म्हनायचा ती सोंड लावूया का?"

"बघू."

"तुमचं बघू मला ठावं हाय. तुमच्या बघूमदी माझं लगीन झालं."

तात्याबाचे हात थांबले. जाळं निम्मं पाण्यात तसंच राहिलं. मागून राहीबाई ओरडली, "वडा की! धारंला लागतंय!" त्यानं ओढलं. त्याची बोटं आयुष्यभर दोर धरून धरून आत वळली होती. त्यांत दोर बसायचा, पण सुई बसायची नाही. जाळ्याची शिवणसुद्धा सयाजीच करायचा.

"चामडं तरी कोण देतंय आपल्याला?" तो म्हणाला.

भाऊसो पाटलानं गेल्या साली नदीवर इंजिन बसवलं होतं. त्याच्या उसाला आता इंजिनाचं पाणी चढत होतं आणि मोट गोठ्याशेजारच्या खोपटात आढ्याला लटकत होती. रंगू दुपारी तिथं गेली, तेव्हा भाऊसो बाजेवर बसून इंजिनवाल्याशी बोलत होता.

"तात्याबाची लेक न्हवं तू? चुरमुऱ्याच्या घरी दिल्याली?"

"व्हय जी. मोट पडून हाय म्हनं तुमची. तिची सोंड पायजे हुती."

"सोंड? कशाला गं?"

"नावंच्या मोरीला लावायची."

भाऊसो हसला. इंजिनवाल्याकडं बघून आणखी हसला. "ऐकलं का? नावंला सोंड! आता शेपूट लावा, सुपाएवढं कान लावा, म्हंजी चतुर्थीला आमच्या देवळातच बसवू." इंजिनवाला गुडघ्यावर हात मारून हसला. रंगू हसू संपेपर्यंत उभी राहिली.

"घेऊन जा," भाऊसो म्हणाला. "मला काय करायचीय? उंदरांनी निम्मी खाल्लीया. पर काढाया गडी न्हाई माझ्याकडं. तूच चढ."

तिनं लुगड्याचा काचा मारला आणि कणगीच्या कडेला पाय देऊन वर चढली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, डोळ्यांपुढं काजवे आले. खाली दोन पुरुष मान वर करून बघत होते.

"पायाला काय झालंय गं तुझ्या?" भाऊसोनं विचारलं. "कोड हाय का काय?"

"पाण्यानं हाय जी."

"कशानं बी असू दे. कणगीला पाय लावू नगंस. बियाणं हाय त्यात."

तिनं कणगीवरचा पाय काढला आणि एका हातानं आढ्याला लोंबकळत दुसऱ्या हातानं मोट सोडवली. मोट धाडदिशी खाली पडली, मागोमाग धूळ. ती धूळ अंगावर घेऊन ती उतरली, मोट डोक्यावर घेतली आणि "येते जी," म्हणून निघाली.

चामडं वाळून लाकडासारखं झालं होतं. राहीबाईनं ते बघितलं, आधी आभाळाकडं बघितलं आणि मग म्हणाली, "दीस मावळायच्या आत काय कापायचं ते कापून घे. उंद्या पंचमी. उंद्या कापायचं न्हाई, चिरायचं न्हाई, टोचायचं न्हाई."

"आज कापता यील, आये. पर हे रातभर भिजल्याबिगर टोचायचं कसं? दाभण मोडंल."

"मग परवा टोच."

"परवा सकाळच्या पारी भट्टीवाल्याची गाडी यायची. जत्रंचं काम हाय, येक दिस बी जास्त ऱ्हायचं न्हाई म्हनून सांगून धाडलंय सासूनं."

"मग चांभाराला सांगू."

"सुली म्हनत हुती, त्यो मिरजंला गेलाय. पलटणीच्या बुटांवर."

"व्हय की गं. दिवाळीपतुर येत न्हाई." राहीबाईनं चामडं दाबून बघितलं. "तुझा आबा लावंल."

दोघींनीही ओसरीवर बसलेल्या तात्याबाच्या बोटांकडं बघितलं. तो चिलीम भरत होता. तंबाखू बोटांतून खाली गळत होता.

"आगं, तुझा भाऊ गोळ्यांच्या तोंडावर हाय," राहीबाई हळू आवाजात म्हणाली. "आज त्याच्या नावानं उपाशी बसलीस. उंद्याचा येक दिस सुईकडं बगू नगंस. येवढंच मागती मी तुझ्याजवळ."

रंगूनं विळ्यानं सोंड कापून घेतली, दगडाखाली नदीत भिजत घातली. तोवर सूर्य मावळला होता.

पंचमीला ऊन पडलं. राहीबाईनं तवा ठेवला नाही, विळी उभी करून ठेवली. उकडलेली दिंडं झाली. बायका लाह्या आणि दूध घेऊन वारुळाला गेल्या. रंगूनंही हळदकुंकू वाहिलं, डोकं टेकलं, सयाजीला सांभाळ म्हणून सांगितलं. परत येताना वडाखाली फेर धरला. झोका बांधला होता, पोरी एकमेकींना ढकलत होत्या. सुली नव्या परकरात होती. ती फेरात शिरली, दोन फेऱ्या झाल्या, आणि पलीकडच्या आळीची एक पोर किंचाळली, "आगं बाई, हिच्या टाचंचं सालटं निघतंय! शी! माझा हात सोड!"

फेर थांबला. सगळ्या पोरी खाली बघायला लागल्या. सुलीनं परकर दोन्ही हातांनी खाली ओढून पाय झाकले. आणि मग, हसू आणून, म्हणाली, "माझ्या आक्काची बी तसलीच हाय. आमच्यात असतीया तसली."

राहीबाई झोक्यापाशी पलीकडं होती, तिला हे ऐकू गेलं नाही. रंगूला गेलं. तिनं सुलीला जवळ घेतलं नाही, कुणाला बोललीही नाही. फेरातून बाहेर पडली आणि घरी आली. फडताळातून दाभण घेतलं, सुतळी घेतली, खिळ्यांची पुरचुंडी आणि वरवंटा घेतला. सगळं पदराखाली घेऊन ती नदीला गेली.

काठावर चिटपाखरू नव्हतं. सणाचा दिवस, नावा वर ओढून ठेवलेल्या. तिनं दगड काढून सोंड बाहेर घेतली. चामडं रात्रीत मऊ झालं होतं, ओल्या कानासारखं. मोरीवर धरून बघितलं, बरोबर बसत होतं. वरच्या कडेला पट्टी दुमडून शिवायची, मग ती पट्टी लाकडाला ठोकायची. तिनं दाभण चामड्यावर टेकवलं.

"रंगे."

आबा मागं उभा होता. कधी आला ते कळलं नव्हतं. तिनं दाभण काढलं नाही.

"पोरी, सयाजी तिकडं हाय," तात्याबा म्हणाला.

"सुली हितं हाय, आबा."

नदीचा आवाज येत होता, वडाखालून पोरींचं गाणं येत होतं. तिला वाटलं होतं, तो हातातून दाभण हिसकावून घेईल. तसं त्यानं केलं असतं तर तिनं दिलंही असतं. पण तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला, मग तिच्या टाचेकडं, आणि मग त्यानं तोंड फिरवलं.

रंगूनं दाभण दाबलं. ते चामड्यातून पलीकडं निघालं. पाण्याचा एक थेंब त्या भोकातून वर आला. तिनं दुसरं भोक पाडलं, मग तिसरं. ओल्या चामड्यावरून घसरून एकदा दाभण स्वतःच्या बोटात गेलं. तिनं बोट तोंडात धरलं आणि पुन्हा सुरू केलं. शिवण पुरी झाली, आता ठोकायचं होतं. खिळा लावून तिनं वरवंटा उचलला आणि तशीच थांबली. पंचमीच्या दिवशी नदीकाठावर ठोकल्याचा आवाज सगळ्या गावाला गेला असता.

तेव्हा तात्याबा पुढं झाला. वाळत घातलेलं जाळं त्यानं पाण्यात बुडवलं, खांद्यावर घेऊन खडकापाशी गेला आणि खडकावर आपटायला लागला. गाळ काढायला भोई जाळं आपटतात तसं. थप्. थप्. थप्. त्याची पाठ तिच्याकडं होती. एकदाही त्यानं वळून बघितलं नाही. रंगूनं त्याच्या थपेबरोबर वरवंटा मारला. जाळं खडकावर पडे, खिळा आत जाई. शेवटचा खिळा बसला तरी तो आपटतच राहिला. तिनं सामान पदराखाली घेतलं आणि ती निघून गेली, तरी मागून आवाज येतच होता.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. राहीबाईनं लेकीची ओटी भरली. नाव पाण्यात होती, मोरीला सोंड दिसत होती, ती बघून राहीबाई रंगूला म्हणाली, "लावली व्हय त्यांनी? कवा लावली?" तात्याबा म्हणाला, "पहाटं. कशी तरी बसली." रंगू गाडीत चढली.

गाडी काठाच्या रस्त्यानं चालली होती तेव्हा तिनं मागं वळून बघितलं. नाव कडेकडेनं येत होती. आबानं जाळं ओढलं, फळ्यांवर पाणी सांडलं, सोंड फुगली आणि तिच्यातून लाल धार बाहेर पडली. मग लाट आली. सोंड चपटी होऊन नावेच्या कुशीला चिकटली. पाण्याचा थेंब आत गेला नाही. सुली पुढं दोन्ही पायांवर उभी होती. काय करावं ते तिला कळत नव्हतं, म्हणून ती नुसती नाचत होती. "आक्का, बघ! आक्का, मी हुबी हाय!" ती ओरडली.

गाडीवान म्हणाला, "लय आनंदात हाय की पोर."

रंगू गाडीच्या दांडीला धरून बसली. तिला रडू आलं नाही. बोटाला दाभण लागलं होतं तिथं ठणकत होतं.

कार्तिकात तिला बोलावणं आलं. ती माहेरी पोचली तेव्हा ओसरीवर खाकी कपड्यातला एक तरणा माणूस बसला होता. एक हात झोळीत बांधलेला. जोतिबा त्याचं नाव, पंचमीला जिवंत नाग पुजणाऱ्या शिराळ्याचा. सयाजीच्याच तुकडीत होता. सयाजी पडल्याचा सरकारी निरोप आधीच येऊन गेला होता. हा आपल्या मनानं आला होता, सयाजीचा तामचिनी मग घेऊन.

राहीबाईनं तो मग मांडीवर घेतला होता. सुली तिच्या पाठीला चिकटून बसली होती.

"लय हसवायचा आमाला," जोतिबा सांगत होता. "चिखलात रुतलो तरी हसवायचा. येकदा नदी वलांडायची हुती, नावा पाण्यानं भरत हुत्या. म्हनला, आमच्या मोरीला सोंड लावाय पायजे हुती. कुनालाच कळंना काय ते. त्यानं समजावून सांगितलं समद्यांस्नी, सायबाला बी."

"आमी लावली," सुली म्हणाली. "आबानं लावली."

तात्याबानं आपली बोटं मुठीत मिटली.

मग राहीबाईनं डोळे पुसले. रडायचं तिचं आधीच झालं होतं. आता तिला कामाचं विचारायचं होतं. "बाबा, दिवस कोणचा त्यो? सरकारच्या मानसानं श्रावण म्हनून सांगितलं. तिथीला पान काढाय पायजे पोराचं. तुला ठावं आसंल."

"ठावं हाय की," जोतिबा म्हणाला. "मी शिराळ्याचा मानूस. आमच्यात त्यो दिवस कुनी इसरत..."

"थांब," तात्याबा म्हणाला.

आवाज इतका मोठा होता की सुली दचकली. तात्याबा भिंतीला टेकून बसला होता, तो सरळ झाला. "दिवस सांगू नगंस."

"आवं, पर त्या मागत्यात..."

"मागू दे. आमाला दिवस नगं." त्यानं राहीबाईकडं बघितलं नाही, रंगूकडं तर नाहीच. "ज्यांचा दिवस ठावं नसतो त्यांचं पान सर्वपित्रीला काढत्यात. आमी सर्वपित्रीला काढू."

"ठावं असून?" राहीबाई म्हणाली. "आवं, डोकं फिरलं का तुमचं? पोटचं पोर हाय. बेवारशावाणी आवशेला?"

"आवशेला. माझं ल्येकरू हाय, मी ठरवीन." त्यानं जोतिबाच्या चांगल्या हातावर आपली वळलेली बोटं ठेवली. "तुला ठावं हाय ते तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे, बाबा. येवढं वझं तू ने. लय लांबनं आलास. जेवून जा."

राहीबाई पुन्हा रडायला लागली, नवऱ्याला बोल लावत. जोतिबा खाली मान घालून बसला. रंगू दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या कानात ते तुटलेलं वाक्य होतं. शिराळ्याचा माणूस वर्षातला कुठला दिवस विसरत नाही, हे मुलखात सगळ्यांना माहीत होतं.

जेवून तो निघाला तेव्हा ती त्याच्या मागोमाग काठापर्यंत गेली. एका शब्दात विचारता आलं असतं. त्यानंही वळून बघितलं, जणू ती विचारेल म्हणून. नाव काठाला बांधलेली होती. पाणी उतरलं होतं, सोंड मोरीवर मिटून लोंबत होती, आणि तिच्यावरून तेलाचा हात फिरलेला दिसत होता. एरंडेलाचा वास येत होता. आबाच्या बोटांना सुई धरता येत नव्हती, पण तेल लावता येत होतं.

"नीट जावा," रंगू म्हणाली. एवढंच.

लढाई संपली. स्वराज्य आलं. राहीबाई दर वर्षी सर्वपित्रीला पान काढायची आणि दर वर्षी नवऱ्याला बोलायची. तो ऐकून घ्यायचा. रंगूला मूल झालं नाही. माहेरी पंचमीला ती पुन्हा कधी आली नाही. सासरी काम असतं म्हणून सांगायची. नाथाजीची भट्टी चालली होती.

सुलीचं लग्न ठरलं ते नदीपलीकडच्या चांगल्या घरात. बघायला आले तेव्हा चालून दाखव म्हणाले, आणि ती दोन्ही पाय दणादण टाकत चालली.

हळदीच्या दिवशी सुलीला पाटावर बसवलं. वरमाई, धोंडुबाई तिचं नाव, हळदीचा हात पायावर फिरवता फिरवता थांबली. तिनं सुलीची टाच उचलून सगळ्यांना दाखवली. "आगं बघा तरी! भोयाच्या घरची पोर, जलम पाण्यात गेला, आन टाच बघा कशी. लोण्याचा गोळाच की. लक्षुमीचं पाय हायती बाई."

बायका हसल्या. राहीबाई अभिमानानं म्हणाली, "तिच्या आबानं लय जपली तिला."

तात्याबा उंबऱ्यात बसला होता. आता तो फार वाकला होता. त्यानं मान वर केली आणि रंगूकडं बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सरळ. मग तो हाताच्या आधारानं उठला, कोनाड्यातली एरंडेलाची बाटली घेतली आणि लग्नघर सोडून नदीकडं निघाला. कुणीतरी म्हणालं, "आवं तात्याबा, आज तरी नावंला इसरा." तो थांबला नाही.

उरलेली हळद लावायचं काम रंगूकडं आलं. तिनं सुलीची डावी टाच तळहातावर घेतली. गरम होती, कोरडी, कुठं एक भेगही नव्हती. तिनं बोटानं हळद लावली, पुसली, पुन्हा लावली.

"आक्का, किती येळ!" सुली हसून पाय ओढून घ्यायला लागली. "गुदगुल्या हुत्यात. सोड की."

"जरा ऱ्हाऊ दे," रंगू म्हणाली, आणि टाच तशीच धरून बसली.